वरच्या, गोणी उचल

आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी जीन्सच्या कापडाची एक गोणी उभी असते. आत रेती आहे. नवे पाहुणे आले की सोफ्यावर बसून तिच्याकडे बघतात, मग आमच्याकडे बघतात, आणि चहा येईपर्यंत दम धरून शेवटी विचारतात, हे काय आहे? माझी बायको कप ठेवता ठेवता सांगते, "सासरे." पाहुणे आणखी गोंधळतात, कारण सासरे तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसलेले असतात. ते पेपर खाली न करता म्हणतात, "माझा काही संबंध नाही." म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट सांगून टाकावं.

ही गोणी आमच्या घरमालकीणबाईंची. कुळगावात एकमजली घर, खाली त्या, वर आम्ही. बाई आगरी, माहेर जांभूळचं, जिथून कारखान्यांच्या पाण्याची पाइपलाइन निघते. सत्तरीच्या आसपास असाव्यात, नक्की वय त्यांनाही माहीत नव्हतं आणि विचारलं की म्हणायच्या, "जनमाच्या टायमाला मी लहान होतू, कसं ध्यानात राहील?" उंची बेताची, खांदे रुंद, लुगडं कासोट्याचं, आणि चालताना हात असे जरा लांब धरलेले, की आता कुणाला तरी उचलणार.

घर भाड्याने मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, मासे खाता का तेही विचारलं नाही. अंगणातल्या नळाखाली पितळेचा हंडा भरलेला होता. म्हणाल्या, "हा उचलून पायरीवर ठेव." मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर्सचा ऑफिसर. माझ्या हाताखाली उचलायला माणसं आहेत, मी फक्त सही करतो. तरी वाकलो. हंडा वीतभर उठला, माझ्या पँटवर तांब्याभर पाणी सांडलं आणि पुन्हा खाली बसला. मग बायको पुढे आली, तिने पदर खोचला आणि हंडा कमरेवर घेऊन पायरीवर ठेवला. बाईंनी तिच्या हातात किल्ली दिली. "घर तुना दिलंय," तिला म्हणाल्या, "ह्याला ठेवायचं तर ठेव."

हंडा उचलता येणं ही त्या घरात चैन नव्हती, गरज होती, कारण वर पाणी चढत नसे. दिवसाआड पाणी यायचं आणि तेही अंगणातल्या नळाला. बाईंची मोटर होती, पण ती फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलेली. "बिगडली हाय," एवढंच सांगायच्या. मी फारच कुरकुर केली की ऐकवायच्या, "माज्या बापसाच्या शेतातून सगल्या कंपन्यांना पानी जातं, त्यांनी कदी तक्रार केली नाय. तुना दोन हंडं जड झालं?" यात तर्क काय होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी बाई गेल्यावर त्यांच्या मुलाने ती मोटर काढली, वायर जोडली आणि बटण दाबलं. पहिल्या झटक्यात चालू. तोवरची नऊ वर्षं मी जिना चढून पाणी भरत होतो ते एका धडधाकट मोटरीच्या नाकाखालून.

त्या मला नावाने हाक मारत नसत. मी वरच्या मजल्यावर राहतो म्हणून "वरच्या". सकाळी सहाला अंगणात उभ्या राहून, तोंड आभाळाकडे करून ओरडायच्या, "ए वरच्या, खाली ये." अंबरनाथच्या शिवमंदिराला निघालेल्या सोमवारच्या बायका आमच्या गल्लीतून रिक्षा पकडायला जायच्या, त्यांतली एक नवी बाई हे ऐकून जागीच थांबली आणि हात जोडून उभी राहिली. एवढ्यात मी लेंग्याची नाडी बांधत गॅलरीत आलो. तिची जी निराशा झाली ती मी आयुष्यभर विसरणार नाही.

आता मुख्य गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, तेव्हा ऐंशीला टेकले होते. ते आयुष्यभर सरकारी कारकून, कपाटाची किल्ली जानव्याला बांधणारा माणूस. घरातल्या बायकांसमोरसुद्धा बनियनवर कधी बसले नाहीत. दिवाळीनंतरच्या एका रविवारी बायको भाजीला गेलेली असताना ते न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. अंगावर एक पंचा. मी आत गेलो, काखेत हात घातले, जोर लावला, आणि माझ्या कमरेत अशी काही चमक भरली की मीही त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो. दोघेही बसलेले. नळ चालू. बराच वेळ आम्ही दोघांनी बादलीकडे बघितलं. शेवटी मी खिडकीतून हाक मारली, "मावशी."

बाई आल्या. दारातून एकदा बघितलं, मला म्हणाल्या, "सरक." अप्पांच्या मागे उकिडव्या बसल्या, दोन्ही हात छातीभोवती गुंफले, पाठ ताठ ठेवली आणि पायांच्या जोरावर उठल्या. अप्पाही उठले, त्यांना दुसरा पर्याय नव्हता. त्यांना स्टुलावर बसवलं, पंचा नीट केला. मग मला हात दिला आणि मलाही उचललं. जाताना म्हणाल्या, "नल बंद कर, पानी वाया जातंय."

त्या दिवसापासून अप्पा चालायचे थांबले. पडल्यामुळे नाही, उचलल्यामुळे. परक्या बाईने, पंच्यावर, मिठी मारून. पलंग ते खुर्ची, खुर्ची ते पलंग. आंघोळ बंद, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. शिवमंदिराच्या गाभाऱ्यात खाली पायऱ्या उतरून जावं लागतं, त्यांचा सोमवार वर्षानुवर्षं चुकला नव्हता, तोही बंद. मला जवळ बोलावून त्यांनी कारकुनी आवाजात निर्णय सांगितला, "पुन्हा पडलो तर पडून राहीन. पण खालच्या बाईंना हाक मारायची नाही." मी म्हटलं, मग उचलणार कोण? त्यांनी डॉक्टरने माझ्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

महिनाभरात त्यांच्या पोटऱ्या काडीसारख्या झाल्या. मला भीती वाटायला लागली, खरंच सांगतो. बाप पडून मरणार नव्हता, न पडण्याच्या नादात पलंगावर बसून बसून संपणार होता, आणि त्याला फक्त एक गोष्ट हवी होती, की वेळ आली तर मुलाने उचलावं. आणि मुलगा चोपन्न वर्षांचा, पट्ट्यात बांधलेला.

हे मी बाईंना अंगणात सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुज्या बापसाचं वजन किती?"

मी म्हटलं, "कसलं वजन मावशी. होतं थोडंफार तहसील कचेरीत. त्यांच्या शब्दावर कागद हलायचा. रिटायर झाल्यावर कोण विचारतं? आता शिपाईसुद्धा ओळखत नाही."

बाईंनी एक पाकळी सोलली, दुसरी सोलली.

"किलोत सांग," म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं. "अठ्ठेचालीस," त्यांनीच सांगितलं, "मी उचललंय." आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा, गाडी करत उल्हासनगरला गेल्या. कॅम्पात जीन्स शिवणारा एक सिंधी शिंपी त्यांच्या ओळखीचा. त्याला म्हणाल्या, साईं, जाड कपडे का गोनी बनाव, डबल सिलाई. त्याने विचारलं, कमर कितनी रखूं? बाईंनी हाताने माझ्या वडिलांची छाती दाखवली. संध्याकाळी गोणी आली. तिला मागे दोन खिसेही होते, शिंप्याच्या सवयीने पडलेले.

तीत त्यांनी पंधरा किलो रेती भरली. "हा तुजा बापूस," म्हणाल्या. "अजून पोर हाय. उचल."

पद्धत एकच. मागे उकिडवं बसायचं, गोणीला मिठी मारायची, पाठ ताठ, तोंड उघडं. श्वास कोंडला की पाठीवर लसणाची टोपली बसायची. पाच वेळा उचलायचं, बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा पाच वेळा. आठवड्यातून तीन सकाळी. बाकीच्या सकाळी फक्त हंडे, ती सुट्टी. आणि दर सोमवारी तांदूळ मोजायचं लोखंडी मापटं घेऊन त्या रेती आणायच्या आणि एक मापटं गोणीत ओतायच्या. लहर आली तर दोन. मी म्हणायचो, मावशी, कालच्याएवढंच राहू द्या, जमायला लागलंय. त्यावर त्यांचं ठरलेलं, "जमाला लागलं म्हनूनच वाढवाचं. नाय जमत तवा कोन वाढवतंय?" असा माझा बाप सोमवारी सोमवारी वाढत होता. वीस किलोचा झाला तेव्हा मला उगाच कौतुक वाटलं.

अडचण एवढीच झाली की बाईंचा आवाज मोठा आणि गोणीचं नाव बापूस. "बापसाला आपटू नको." "आज दोनदा पाडलास बापसाला." "बापसाला उन्हात ठेवून कुठं चाललास?" गल्लीत बोभाटा झाला. समोरच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ एकदा मुद्दाम मला भेटायला आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "राग सगळ्यांनाच येतो हो, पण वय बघावं त्यांचं." वरून अप्पा, गॅलरीत ओढून दिलेल्या खुर्चीत बसून, गजांतून हे सगळं बघत. एकदा मला म्हणाले, "मी उभ्या आयुष्यात जीन्स घातलेली नाही. त्या बाईंना सांग."

मग बाईंना वाटलं, एकट्या वरच्यालाच का? गल्लीतल्या पन्नाशीच्या बायका सगळ्या गुडघे धरून चालतात, त्यांनाही शिकवू. मला पाटी रंगवायला सांगितली. मजकूर त्यांचा, रंग कारखान्याचा, अक्षर माझं: "इथे बायकांचं वजन वाढवून मिळेल." मी म्हटलं, मावशी, अर्थ वेगळा होतोय. त्या म्हणाल्या, "वाढवाचं तेच लिवलंय." पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही. बायका पाटी वाचून रस्त्याच्या पलीकडून जायला लागल्या. शेवटी एक आई मुलीला घेऊन आली, मुलगी फार बारीक, स्थळं परत जातात म्हणून. बाईंनी मुलीला सोडून आईलाच रेतीचा डबा उचलायला लावला. आई तणतणत गेली आणि चौथ्या दिवशी परत आली, म्हणाली, रात्री झोप छान लागली हो. तिच्यामागून इतर आल्या. तेलाचे डबे, कळश्या, पाट्याचा दगड, जे मिळेल ते. चार महिन्यांत त्यातल्या एकीने भरलेला सिलिंडर स्वतः आत नेला आणि डिलिव्हरीवाल्याला पाणी विचारलं. वजन एकीचंही फारसं कमी झालं नाही, पण मांडी घालून बसलेल्या बायका जमिनीला हात न लावता उठायला लागल्या. समारंभात हे करून दाखवायला त्यांना फार आवडे.

माझंही काही ना काही होत होतं. पट्टा सुटला. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून मोबाइल बघायचं नाटक करावं लागेना. स्टोअर्समध्ये मी एकदा खोकं स्वतः उचललं तेव्हा युनियनवाल्याने विचारलं, साहेब, काही चुकलं का आमचं? साखरेच्या डॉक्टरने कागद बघून विचारलं, काय बदललं? मी म्हटलं, वडिलांना उचलतो. तो भावुक झाला. मी दुरुस्ती केली नाही.

आजारी पडणाऱ्याला बाईंकडे सहानुभूती नव्हती, पण स्वतःच्या मरणाबद्दल त्यांचं धोरण ठरलेलं होतं. "मना एकदाच उचलाचं. ते पन चौघांनी." दोन वर्षांपूर्वी दुपारच्या जेवणानंतर आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत, एवढंच. पुढचा उजवा खांदा माझा होता. मी पाठ ताठ ठेवली, तोंड उघडं ठेवलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत न लाजता रडलो. माझ्या डोक्यात सारखं एकच येत होतं की ह्या किती हलक्या आहेत.

पण ते पुढचं. अप्पा पडल्यानंतरचे पहिले गणपती जवळ आले आणि गोणी अठ्ठेचाळीसला पोचली. बाईंनी मापटं पालथं घातलं, म्हणाल्या, "बापूस पुरा झाला." मी पाच वेळा उचलला. छातीशी धरून अंगणभर चाललो. वर बघितलं, अप्पा गॅलरीत होते. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. ते आत गेले.

त्यांच्यात तेव्हा काही बारीक फरक दिसत होते, ते मी नीट वाचले नाहीत. रोज संध्याकाळी घरी यावं तर चटई भलतीकडेच असायची. लेंग्याच्या गुडघ्यांना धूळ. दुपारच्या डब्यातली तिसरी भाकरीही संपलेली. आणि तिन्हीसांजेला ओठांत पुटपुटणं, चार शब्दांचंच काहीतरी, पुन्हा पुन्हा. मी बायकोला म्हटलं, नाम घेतात, वय झालं.

गौरी-गणपतीच्या आधीच्या रविवारी ते पडले. पुन्हा न्हाणीघर, पुन्हा पंचा. आता तुम्ही विचाराल, आंघोळ तर बंद होती ना? मीही दारात पोचेपर्यंत हाच विचार करत होतो. अप्पा फरशीवर बसलेले, पाय पुढे. मी घाबरलो नाही. नऊ महिने ज्याची तयारी केली ती वेळ समोर होती. बाह्या सारल्या, मागे उकिडवा बसलो, पाठ ताठ केली, तोंड उघडलं, दोन्ही हात पसरले.

"हात लावू नकोस," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मला येतं आता."

"माहीत आहे. बाजूला हो."

मग ते मोठ्याने म्हणाले, "कुशी." आणि कुशीवर वळले. "कोपर." कोपरावर रेलले. "गुडघा." दोन्ही हात आणि गुडघे टेकून रांगत्या पोरासारखे झाले, तिथे जरा थांबले, दोन श्वास घेतले. मी हात पसरून तसाच. "पाय." एक पाऊल पुढे रोवलं, स्टुलाच्या कडेला तळहात टेकला, अंग थरथरलं, आणि माझा बाप उभा राहिला. पंचा नीट केला. नळ बंद केला.

"कुणी शिकवलं?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

"खालच्या बाई," ते म्हणाले. "दुपारी यायच्या. तू आणि सूनबाई कामावर गेलात की. आधी खुर्चीतून उठायला लावलं, दिवसाला वीस-वीस वेळा. मग चटईवर." थांबून म्हणाले, "मी आधी हाकलून दिलं होतं. तेव्हा दारातून म्हणाल्या, तुमच्या पोराची कंबर गेलेली हाय. तुम्हाला उचलायला जाईल नि कायमचा झोपंल. पोर वाचवाचं तर तुमचे तुम्ही उठा."

म्हणजे मला बाप वाचवायचा म्हणून खाली रेती उचलायला लावली आणि बापाला मुलगा वाचवायचा म्हणून वर चटईवर लोळवलं. आणि अप्पांना बजावलं, वरच्याला सांगायचं नाही. मी तरातरा जिना उतरलो. बाई अंगणात होत्या. म्हटलं, "मावशी, ते उठले. आपले आपले."

"मग?"

"मग मी नऊ महिने ती गोणी कशाला उचलली?"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पट्टा नसलेल्या कमरेवर क्षणभर थांबल्या. "त्यांना येतंय उठाला. तुना येतंय का? घरी जाऊन बग. हात न टेकता." आणि गोणीकडे बोट दाखवलं. "बापसाला वर घेऊन जा. माजं अंगन अडलंय."

ती गोणी मी छातीशी धरून जिना चढलो, सगळ्या पायऱ्या, न थांबता, आणि टीव्हीशेजारी ठेवली. ती तिथेच आहे. मग अप्पांच्या समोर चटईवर मांडी घातली. अठ्ठेचाळीस किलो उचलणारा माणूस, त्याला यात काय, असं मनात होतं. हात छातीशी बांधले, पुढे झुकलो, जोर केला. बूड जेमतेम सुटलं, डावा गुडघा अर्ध्यात अडला, आणि मी धप्पकन पुन्हा चटईवर. परत केलं. परत धप्पकन. तिसऱ्या वेळी नुसताच बसून राहिलो.

अप्पा खुर्चीत होते. आंघोळ करून आलेले, केस विंचरलेले, सोमवारी शिवमंदिराला जायचं ठरवून नवा सदरा बाहेर काढलेला. त्यांनी पेपर खाली केला. वर्षभरात प्रथमच त्यांच्या मिशा हलल्या.

"खाली हाक मारू का?" ते म्हणाले.